सूर्याने शिजवलेला रस्सा!

दोस्ता, एक गंमत करायची? २२ मेच्या आसपास यवतमाळात असशील तर दुपारी सव्वाबाराच्या सुमारास मैदानात ताठ उभं राहून बघ. सावली कुठे गेली? पायाखाली! सूर्य बरोब्बर डोक्यावर. ना इकडे, ना तिकडे!

वर्षातून असे दोनच दिवस येतात. दुसरा येतो जुलैत, २१ तारखेच्या आसपास. पण तेव्हा आभाळात बहुधा ढगच ढग!

आणि मे महिन्यातलं ते ऊन? अबब! पारा ४४-४५ अंशांवर. टिनाच्या छपराला हात लावायची सोय नाही. गच्चीवर घातलेल्या कुरडया बघता बघता कडकडीत. नळ सोडला की पाणीसुद्धा चटका देत येतं!

आता ओळख बघू. एवढ्या उन्हात मटण शिजेल का?

थांब, घाई नको! मटण नुसतं उन्हात ठेवलं तर ते सडेल. तेच मटण एका साध्या पेटीत, काचेखाली ठेवलं तर मस्त शिजेल. गाव तेच, दुपार तीच, सूर्यही तोच! मग एकीकडे नासाडी आणि दुसरीकडे मेजवानी, हे कसं काय?

चल, आधी मुंबईला जाऊन येऊ. पण आजच्या नाही हं, जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीच्या मुंबईला!

तिथे विल्यम ॲडम्स नावाचा एक इंग्रज सरकारी नोकरीत होता. नोकरी कागदपत्रांची, पण डोक्यात सदानकदा सूर्य! त्याने लाकडाचं एक मोठं नरसाळं बनवलं आणि आतून साधे आरसे बसवले. मधोमध ठेवलं तांब्याचं भांडं, बाहेरून काळं रंगवलेलं. त्यावर काचेचं झाकण. झाली चूल! ना लाकूड, ना कोळसा, ना धूर!

त्या चुलीवर त्याने काय शिजवलं असेल? वरण-भात? छे! सात सैनिकांचं जेवण, मांस आणि भाज्या! किती वेळात? दोन तासांत! सैनिक म्हणाले, नेहमीच्या जेवणापेक्षा हे कितीतरी छान शिजलंय. मुंबईत आणि दख्खनमध्ये काही लोक ही चूल वापरूही लागले होते. हे सगळं ॲडम्सने लिहून ठेवलंय. सूर्याच्या उष्णतेवरचं त्याचं पुस्तक १८७८ साली मुंबईतच छापलं गेलं.

पण खरी गंमत अजून पुढेच आहे. हे जेवण शिजलं तो महिना होता जानेवारी! मुंबईतला सगळ्यांत थंड महिना!

म्हणजे बघ, मांस शिजवायला हवा तापलेली असायला लागत नाही. लागतो तो प्रकाश. मे महिन्यात आपल्याला भाजून काढते ती तापलेली हवा. ती मटण शिजवत नाही. शिजवतो तो सूर्यप्रकाश, आणि तोही पकडून कोंडला तरच!

सूर्यप्रकाशाला पकडायचं कसं? तो तर १५ कोटी किलोमीटरवरून येतो, आणि तेही अवघ्या ८ मिनिटं २० सेकंदांत!

सोपं आहे. काळा रंग त्याला गिळतो. उन्हात उभ्या असलेल्या मोटारसायकलच्या काळ्या सीटवर कधी बसायला गेलास किंवा गेलीस, तर हे तुला वेगळं सांगायला नकोच! प्रकाश गिळला की भांडं तापतं. तापलेलं भांडं उष्णता बाहेर फेकू लागतं. आता काच पुढे येते. काच प्रकाशाला आत सोडते, पण भांड्यातून निघणाऱ्या उष्णतेच्या किरणांना बाहेर जाऊ देत नाही. आत यायला परवानगी, बाहेर जायला मनाई!

हे उष्णतेचे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. मग ते आहेत हे कळलं कसं? विल्यम हर्शेल या शास्त्रज्ञाने १८०० साली सूर्यप्रकाशाचे लोलकातून रंग पाडले आणि प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवून पाहिला. मग तांबड्याच्याही पलीकडे ठेवला, जिथे काहीच दिसत नव्हतं. आणि तिथेच पारा सगळ्यांत जास्त चढला! न दिसणारे किरण सापडले. त्यांना आपण म्हणतो अवरक्त किरण.

पुढची गोष्ट तर मला फारच आवडते. या विल्यमचा मुलगा जॉन, तोही शास्त्रज्ञ. १८३० च्या दशकात तो तारे बघायला आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला गेला. रात्री तारे बघायचा, आणि दिवसा? दिवसा त्याने आतून काळी केलेली एक पेटी घेतली, वर काच लावली, भोवती वाळू लोटली आणि तिच्यात मांस-भाज्या शिजवल्या! बाबांनी शोधलेले किरण मुलाने पेटीत कोंडून त्यांच्यावर जेवण केलं!

त्याच्याही आधी, १७६७ साली, जिनिव्हाच्या सोस्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने काचेची पेटी उन्हात ठेवून बघितली होती. पेटी सुधारत नेली तसं आतलं तापमान गेलं सुमारे ११० अंशांवर. पाणी उकळतं त्याहून जास्त! आणि हे कुठे? थंड स्वित्झर्लंडमध्ये! मग आपल्या यवतमाळचं ऊन काय करेल, सांग बरं!

आजची सौर पेटीही तशीच. दुहेरी काच, आत काळा पत्रा, झाकणाला आरसा. भिंतींमध्ये उष्णता अडवणारं काहीतरी भरलेलं. घरी पेटी बनवायची असेल तर त्या जागी काय भरता येईल? आपल्या जिल्ह्यात ते पोत्याने मिळतं. कापूस! थंडीत गादी-रजईतला कापूस तुझी ऊब बाहेर जाऊ देत नाही, तसाच तो पेटीचीही जाऊ देत नाही. चांगल्या उन्हात पेटीच्या आत १०० ते १४० अंश तापमान होतं.

पण एक गोष्ट आहे. ही पेटी हळू चालते. स्वच्छ दुपारी एक मीटर लांब-रुंद जागेवर साधारण १००० वॅट ऊन पडतं. पेटीची काच त्याच्या पाव हिस्सा धर. म्हणजे उरले अडीचशे वॅट, आणि आरशाने त्यात घातलेली थोडी भर. गॅसची शेगडी देते दोन हजारांहून जास्त! त्यामुळे पेटीतलं भांडं तापायला वेळ लागतो. भात, डाळ, रताळी, यांना काही फरक पडत नाही. मटण-कोंबडीला मात्र पडतो. खूप पडतो!

का? जरा जवळ ये, सांगतो.

कच्च्या मांसावर जिवाणू असतात. इतके बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत. त्यातले काही पोट बिघडवतात, उलट्या-जुलाब करतात. फ्रीजमध्ये, ५ अंशांखाली, ते गारठून जवळजवळ गप्प बसतात. ६० अंशांच्या वर त्यांची वाढ थांबते. मांस आतपर्यंत ७४ अंशांवर पोचलं की असे बहुतेक घातक जिवाणू क्षणात मरतात. पण ५ ते ६० च्या मधे? मधे त्यांची जत्रा असते, जत्रा!

त्यातल्या एकाचं नाव ऐक, जरा लांबलचक आहे. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स! याला सगळ्यांत जास्त आवडणारं तापमान किती असेल? ४३ ते ४७ अंश! म्हणजे मे महिन्यातली यवतमाळची दुपार! आपण कूलरसमोर लोळत असतो, आणि हा म्हणतो, वा, काय छान हवा आहे!

मनासारखी ऊब मिळाली की हा साधारण दर दहा मिनिटांनी दुप्पट होतो. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. वहीत करून बघ. एका जिवाणूचे दोन तासांत होतात ४,०९६. तीन तासांत? २,६२,१४४! दोन लाख बासष्ट हजार! तेही एकापासून!

आता कळलं ना, उघड्या उन्हातलं मटण का सडतं? ४५ अंश आपल्याला भाजतात, पण जिवाणूंना ते मारत नाहीत. उलट पोसतात!

तू कबड्डी खेळतेस किंवा खेळतोस ना? मग हे तुला पटकन समजेल. मटणाचं भांडं म्हणजे चढाईला गेलेला गडी. ५ ते ६० अंश हे जिवाणूंचं मैदान. ६० ची रेघ म्हणजे मध्यरेषा. त्या मैदानात जितका वेळ रेंगाळाल तितके ते तुम्हाला घेरणार. दम सुटायच्या आत रेषेच्या अलीकडे यायलाच हवं! आणि दम तरी किती? नेहमीच्या हवेत दोन तास. बाहेर ३२ अंशांहून जास्त गरम असेल तर फक्त एकच तास! यवतमाळच्या उन्हाळ्यात सकाळीच ३२ होऊन जातात. म्हणजे आपल्याला एकच तास!

पेटी तर हळू तापते. मग करायचं काय? मटण पेटीत ठेवायचंच नाही?

ठेवायचं! आणि युक्ती तर आपल्याच स्वयंपाकघरात आहे. वऱ्हाडी रस्सा करताना आई, बाबा किंवा आजी आधी काय करतात? कांदा-खोबरं भाजतात, मसाला परततात, त्यात मटण घालून चांगलं परतून घेतात. हेच आधी गॅसवर करायचं! सौर पेटीत फोडणी तडतडत नाही आणि मसालाही खमंग परतला जात नाही, तिची तेवढी ताकदच नसते. म्हणून परतणं गॅसवर. त्यात थोडं उकळतं पाणी घालायचं, रश्शाला एक उकळी आणायची आणि तो गरम गंज झाकण लावून तस्साच तापलेल्या पेटीत ठेवायचा. गडी रेषेच्या अलीकडे येऊन बसलासुद्धा! पुढचे तीन-चार तास पेटीने त्याला परत पलीकडे जाऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम.

पाणी मात्र थोडंच घाल म्हणावं. मांसाचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो! शिजताना मांस आपणच रस सोडतं.

आता एक प्रश्न विचारतो, याने मोठी माणसंसुद्धा गोंधळतात. मटणाचा अख्खा तुकडा जास्त जपायचा की खिमा?

खिमा! धडधाकट जनावराच्या मांसात आत जिवाणू जवळजवळ नसतातच. ते येतात बाहेरून. सुरीवरून, ओट्यावरून, हातावरून. म्हणजे तुकड्याच्या फक्त वरच्या अंगावर. पण खिमा करताना काय होतं? वरचं अंग आत जातं, आतलं वर येतं. जिवाणू सगळीकडे! म्हणून खिमा आतपर्यंत कडकडीत गरम व्हायलाच हवा. कोंबडीचंही तसंच. तिच्यात साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे दोन खोडकर बऱ्याचदा सापडतात. आणि हो, कोंबडी धुताना नळ जोरात सोडू नका म्हणावं. शिंतोडे उडाले की हे दोघे शेजारच्या कोशिंबिरीत जाऊन बसतात! ती कोशिंबीर तर शिजणारही नसते!

मांस शिजलं हे रंगावरून ओळखायचं का? नाही! रंग फसवतो. कधी शिजलेलं मांस गुलाबी दिसतं, तर कधी कच्चंच तपकिरी. खरं सांगतो तो थर्मामीटर. स्टीलची सळी असलेला, स्वयंपाकाचा. सगळ्यांत जाड तुकड्याच्या पोटात खुपसायचा, हाडाला न लावता. ७४ दिसले की पास! तापाचा थर्मामीटर मात्र चुकूनही नको. तो ४२ अंशांच्या आसपासच संपतो. शाळेच्या प्रयोगशाळेतलाही नको. तो काचेचा असतो, रश्शात फुटला तर?

आता पेटी लावायची कधी, हे कसं ठरवायचं? घड्याळ नको, सावली बघ. तुझी सावली तुझ्या उंचीपेक्षा छोटी असेल तर सूर्य पुरेसा वर आलाय. पेटीला कामाला लाव! सावली लांब असेल तर थांब.

आणि यात आपण किती नशीबवान आहोत बघ. वर्षातला सगळ्यांत छोटा दिवस येतो २२ डिसेंबरच्या आसपास. त्या दिवशीसुद्धा यवतमाळात भर दुपारी सावली उंचीपेक्षा थोडी छोटीच असते! तुझी उंची १०० सेंटिमीटर असेल तर सावली साधारण ९६. आणि त्या सोस्यूरच्या जिनिव्हात? अडीच मीटरहून लांब! तिथे डिसेंबरात सौर पेटी उघडायचा विचारही नको. आपल्याकडे मात्र थंडीतल्या स्वच्छ दुपारीही ती चालते.

बाकी सोपं आहे. मटणाची तयारी सुरू करण्याआधी रिकामी पेटी तासभर उन्हात तापू दे. उन्हाळ्यात साडेदहा-अकराला गंज आत. तुकडे छोटे, म्हणजे उष्णता आतपर्यंत लवकर पोचते. सूर्य सरकेल तशी पेटी थोडी थोडी फिरवायची. आणि झाकण उघडून सारखं बघायचं नाही! मला माहीत आहे, हे सगळ्यांत अवघड आहे. पण दर वेळी उघडलं की कोंडलेली उष्णता भसकन बाहेर पळते.

मग आत काय जादू होते ठाऊक आहे? मटणात दोऱ्यांसारखं एक चिवट प्रथिन असतं. त्याचं नाव कोलॅजन. याच्यामुळेच मटण चावताना दात दुखतात! भडक आचेवर घाई केली तर मटण वातड होतं. पण ८०-९० अंशांवर, रसात, सावकाश तासन्‌तास राहिलं की कोलॅजन विरघळतं आणि त्याचं जिलेटिन होतं. मऊ, लुसलुशीत! रस्साही दाट होतो. पेटीचा जो दोष आपण मघाशी काढला, हळूपणाचा, तोच इथे गुण ठरतो! ॲडम्सच्या सैनिकांना ते जेवण इतकं का आवडलं, त्याचं एक कारण हेही असेल, असं मला वाटतं.

हे सगळं ठीक. पण ढग आले तर?

छोटा ढग आला-गेला तर काही नाही. तापलेली पेटी थोडा वेळ दम धरते. पण आभाळ भरून आलं आणि मटण अजून शिजलं नाही, तर वाट बघत बसायचं नाही. सरळ गंज उचलायचा, गॅसवर ठेवायचा आणि शिजवून मोकळं व्हायचं! 'उद्या ऊन पडेल, तेव्हा शिजेल' असं कधीच म्हणायचं नाही. कारण काही जिवाणू विष सोडून ठेवतात. त्यातलं काही विष नंतर कितीही उकळलं तरी जात नाही. जिवाणू मेले तरी विष तिथेच!

म्हणून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचं, करीचं मटण सौर पेटीत नको. ते दिवस ढगांचे, पावसाचे. करीला आपली नेहमीची चूलच बरी, पऱ्हाटीच्या काड्यांची!

आणि आणखी एक. मटण शिजलं, ऊन उतरलं, म्हणून गंज पेटीतच विसरायचा नाही! पेटी हळूहळू गार होते आणि मटण पुन्हा जिवाणूंच्या मैदानात उतरतं. तो आपला परफ्रिंजेन्स आठवतो ना? तो भलताच हुशार. तो आधीच टणक कवचात झोपून राहिलेला असू शकतो, आणि उकळलं तरी मरत नाही. रस्सा कोमट झाला की उठतो! म्हणून शिजलं की गरम गरम वाढायचं, वरून हिरवा सांबार भुरभुरायचा आणि फस्त करायचं. उरलंच तर पसरट भांड्यात काढून लवकर गार करायचं आणि फ्रीजमध्ये ठेवायचं. दुसऱ्या दिवशी नुसतं कोमट नाही, चांगली उकळी आणून खायचं.

तुमच्या घरी मटण-कोंबडी खात नसतील तरी सौर चूल तुमचीच आहे. शिर्डीच्या साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयाला २००९ साली ७३ मोठ्या आरशांच्या तबकड्या बसवल्या. एकेक तबकडी १६ चौरस मीटरची! त्या उन्हापासून वाफ तयार करतात आणि त्या वाफेवर हजारो भाविकांचा स्वयंपाक होतो.

तबकडीवरून आठवलं. गोल आरशाची सौर चूल पेटीपेक्षा खूप तापट असते. ती तळूसुद्धा शकते! पण तिच्या आरशात कधी डोकवायचं नाही, डोळ्यांना इजा होते. आणि आरसे जिथे ऊन गोळा करतात, तिथे हात घालायचा नाही. पेटीतला गंजही मोठ्या माणसांनीच, जाड फडक्याने धरून काढायचा.

आता तुझी पाळी! पण पहिल्याच दिवशी मटण नको हं. आधी अंड्यांनी सुरुवात कर. काळ्या डब्यात ठेव, झाकण लाव, आणि पाणी? पाणी नकोच! सौर पेटीत अंडी पाण्याशिवाय उकडतात. ती दोन तास आत राहू दे आणि घरातल्या मोठ्यांसमोर फोडून बघ. पेटीच्या आत भट्टीचा थर्मामीटर ठेवता आला तर उत्तमच. दर अर्ध्या तासाने काचेतून आकडा बघ, शेजारी तुझ्या सावलीची लांबी लिही, आणि आभाळ कसं होतं तेही. महिनाभराचा तक्ता झाला की आम्हाला जरूर पाठव. तुझ्या गावचं ऊन किती वाजता ७४ ची रेघ ओलांडतं, हे आम्हाला वाचायचंय!